नववी जोडी

बावीस बिल्ले पुसून कोरडे करायचे आणि धक्क्यावरच्या फळ्याला ओळीने टांगायचे, हे ऑड्रा पेलचं रोज सकाळचं पहिलं काम. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या तळ्याकाठी दर उन्हाळ्यात मुलींचा कॅम्प भरायचा आणि ऑड्रा तिथे दुसऱ्या वर्षी आली होती. रात्री नऊ-नऊ वर्षांच्या मुलींच्या केबिनीत त्यांची मोठी बहीण, दिवसा पोहण्याची आणि होडी वल्हवण्याची मास्तरीण, अशी दुहेरी नोकरी. वय वर्षं वीस. मुली तिला नावानेच हाक मारायच्या आणि तिच्या गळ्यातल्या शिट्टीला मात्र वचकून असायच्या.

बिल्ले लाकडाचे, गोल, एका बाजूला पांढरे आणि दुसऱ्या बाजूला लाल. पाण्यात उतरताना मुलीने आपला बिल्ला उलटून लाल करायचा, बाहेर आली की पांढरा. एकटीने उतरायचं नाही, जोडीनेच. दर दहा मिनिटांनी ऑड्राची शिट्टी वाजली की असेल तिथे थांबायचं, जोडीदारणीचा हात धरायचा, दोघींचे हात वर करायचे आणि आपल्या जोडीचा आकडा ओरडायचा. एकपासून अकरापर्यंत आकडे आले की मास्तरणीने सुखाने श्वास घ्यायचा. या साध्या रिवाजावर तो कॅम्प एकेचाळीस उन्हाळे चालला होता.

कॅम्प संपायला चार दिवस उरले होते. ऑगस्टमधल्या सकाळी तळ्यावर धुकं यायचंच, त्याचाही नियम होता. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या दोराच्या पलीकडचा तराफा धक्क्यावरून दिसला तरच मुलींना पाण्यात सोडायचं. त्या सकाळी तराफा दिसत होता... म्हणजे तिथे काहीतरी तपकिरी आहे एवढं दिसत होतं. कॅम्पच्या पोहण्याच्या प्रमुख मिस क्विंबी तेव्हा ऑफिसात होत्या. त्या असत्या तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. पण निळ्या फितीची परीक्षा राहिली होती आणि लॉटी हेल या मुलीची तर दोनदा हुकली होती. दोरापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. लॉटी रोज जेवताना विचारायची, उद्या नक्की ना? ऑड्राला तिला पुन्हा नाही म्हणवेना. होडीवर पहाऱ्याला एक मुलगी बसवून तिने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पाण्यात सोडलं.

पाच मिनिटांत धुकं खाली आलं. तराफा गेला, दोर गेला, पहाऱ्याची होडी गेली. पाण्यावरचे आवाज मात्र फार जवळून येऊ लागले. कुणाचं तरी खोकणं, कुणाचं दातावर दात आपटणं. शेवाळ्याचा ओला वास धक्क्यावर चढला. तेव्हाच मुलींना बाहेर बोलवायला हवं होतं. ऑड्राने दहा मिनिटं पुरी होऊ दिली, कारण लॉटी कुठेतरी दोराच्या वाटेवर होती. ही दुसरी चूक.

शिट्टी वाजली. धुक्यातून एकेक हातांची जोडी वर आली. एक. दोन. तीन. आठनंतर जरा खंड पडला. मग लांबून, दोराच्या बाजूने, लॉटीचा बारीक आवाज आला, "नऊ." धुक्यात जेमतेम दोन हात वर दिसले, एकमेकांत घट्ट अडकवलेले. दहा. अकरा. ऑड्राने सगळ्यांना बाहेर बोलावलं.

मुली कुडकुडत आल्या, बिल्ले उलटले आणि टॉवेलात शिरल्या. फळ्यावर एकवीस बिल्ले पांढरे झाले. एक लालच राहिला. मार्गो डीनचा, म्हणजे लॉटीच्या जोडीदारणीचा.

विसरली असेल, ऑड्रा स्वतःशी म्हणाली. दर आठवड्याला कुणीतरी विसरायचंच. तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग लॉटीला विचारलं.

"माझ्या मागेच होती," लॉटी म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "मी हात धरला होता ना..."

ऑड्राने धक्क्यावरची घंटा तीनदा वाजवली.

तीन टोल म्हणजे काय हे कॅम्पवरच्या प्रत्येक मोठ्या मुलीला ठाऊक होतं, आणि कधी ऐकावे लागू नयेत अशी प्रत्येकीची इच्छा होती. छोट्या मुलींना झेंड्यापाशी गोळा केलं गेलं आणि त्यांनी तळ्याकडे बघू नये म्हणून त्यांच्याकडून गाणी म्हणवून घ्यायला सुरुवात झाली. मोठ्या चौदाजणी कोपरात कोपर अडकवून काठावर रांगेत उभ्या राहिल्या. टोकाला, दोराच्या बाजूला ऑड्रा. मिस क्विंबी साठीच्या, पण त्याही कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या आणि एकेक पाऊल मोजू लागल्या. त्यांनी "पाऊल" म्हटलं की सगळ्यांनी एक पाय पुढे टाकायचा आणि तळ चाचपायचा. पायाला काय लागतंय ते बघायचं.

"पाऊल."

गाळ थंड होता. ऑड्राच्या बोटांत पाणवेल अडकली आणि सुटली. मागून मुलींचं गाणं येत होतं, बेडकाचं, दर कडव्याला टाळ्या वाजवायचं. दर रविवारी केबिनीच्या पायरीवर बसून मार्गो आईला पत्र लिहायची आणि ऑड्राला शब्दांची स्पेलिंगं विचारायची. गेल्या रविवारी तिने 'धाडसी' विचारलं होतं.

"पाऊल."

पाणी छातीला आलं. पायाखाली काहीतरी मऊ लागलं... आणि हललं. ऑड्राने कसाबसा श्वास भरला, डोकं पाण्यात घातलं आणि हात खाली नेला. कुजलेल्या ओंडक्याची साल होती. ती वर आली तेव्हा रडत होती आणि रडतेय हे तिला कळतही नव्हतं. देवा, ती सापडू दे, आणि इथे नको सापडू दे, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

आणि तेव्हाच काठावरून स्वयंपाकीणबाईंची हाक आली. त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडे जाईल असा होता. पांढरा ॲप्रन बांधलेल्या त्या बाईने एका हाताने मार्गोला धरलं होतं. मार्गोच्या हातात बटाटा सोलायचा चाकू होता आणि गालाला जॅम लागला होता.

ऑड्राने शेजारणीचा कोपर सोडला आणि ती पाणी तुडवत काठाकडे धावली. काठावर पोचली तशी तिने मार्गोला कवटाळलं, मग रागावली, मग पुन्हा कवटाळलं. बिचारी मार्गो भिजून चिंब झाली. तिला हा सगळा गोंधळ कशासाठी ते कळेना. बिल्ला लाल केला, पायाचा अंगठा पाण्यात घातला, पाणी भयंकर गार लागलं, म्हणून मागच्या मागे पळाली, एवढाच तिचा गुन्हा. बिल्ला पुन्हा उलटायचा राहिला. स्वयंपाकीणबाईंनी शपथेवर सांगितलं, पोरगी पोहण्याची पहिली शिट्टी वाजल्यापासून माझ्यासमोर बटाट्यांच्या पोत्यावर बसून होती. चार बटाटे सोलले आणि अर्धी बरणी जॅम संपवला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. झेंड्यापाशी टाळ्या झाल्या. मोठ्या मुली ओल्या कपड्यांत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मिस क्विंबींनी सगळ्यांना गरम कोको द्यायला लावला, आणि त्या सकाळी तो जितका गोड लागला तितका पुढे कधी लागला नाही, असं ऑड्रा अजून म्हणते.

कोको पिता पितानाच तिच्या लक्षात आलं. मार्गो जर स्वयंपाकघरात होती, तर नववी जोडी कुणाची होती?

दुपारी, ऊन पडल्यावर, तिने लॉटीला धक्क्याच्या पायरीवर शेजारी बसवलं. रागावणार नाही असं आधीच कबूल केलं. लॉटीने पायांच्या बोटांकडे बघत हळूहळू सांगितलं. मार्गो मागून येतेय असं समजून ती एकटीच पुढे पोहत गेली होती. धुक्यात दोर दिसलाच नाही. तो कधी ओलांडला गेला तेही कळलं नाही. पाय टेकवायला गेली तर खाली काहीच नव्हतं.

"मी एकदा खाली गेले," लॉटी म्हणाली. "नाकात पाणी गेलं. मग हिने हात धरला."

"कुणी?"

"मला वाटलं मार्गो. धुक्यात नीट दिसत नव्हतं. पण शिट्टी वाजली ना... तर तिने हात वरच केला नाही. तिला माहीतच नव्हतं हात वर करायचा असतो ते. मग मीच तिचा धरून वर केला."

ऑड्राने आवाज जमेल तितका साधा ठेवला. "हात कसा होता तिचा?"

"सुरकुतलेला." लॉटीने स्वतःची बोटं उघडून दाखवली. "आपण खूप वेळ पाण्यात राहिलो की होतात ना, तशी बोटं. पण आणखी जास्त."

"आणि मग?"

"मग तिने मला दोराच्या आत आणलं. पाय टेकले आणि सोडलं." लॉटीला हसू आलं. "मस्त पोहते ती. माझी परीक्षा झाली का गं मग?"

ऑड्राने तिला जवळ घेतलं आणि झाली म्हणून सांगितलं. तिला हुडहुडी भरली होती, पण त्याहून मोठी गोष्ट अशी होती की ही पोरगी जिवंत होती. सगळा कॅम्प मार्गोला शोधत होता आणि बुडता बुडता वाचली होती ती लॉटी. रांग करून गाळ चाचपावा लागला असता तो हिच्यासाठी. त्या विचाराने ऑड्राला पुन्हा रडू आलं, यावेळी सुटल्याचं.

संध्याकाळी ती मिस क्विंबींकडे गेली आणि तराफ्याचं, धुक्याचं, दहा मिनिटांचं सगळं कबूल केलं. लॉटीचंही सांगितलं. हाकलून देतील अशी तिची तयारी होती.

"शिट्टीनंतर हात मोजायचे नसतात, पोरी," मिस क्विंबी म्हणाल्या. "तोंडं मोजायची. तोंड दिसलं नाही तर आकडा धरायचा नाही."

"या तळ्यात कधी कुणी..." ऑड्राने विचारलं.

"एकेचाळीस वर्षांत एकही नाही. आमची एकही मुलगी गेली नाही." त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. "कॅम्पच्या आधीचं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. जा, मुली वाट बघत असतील."

पुढचे चार दिवस लख्ख ऊन पडलं. तराफ्यावरची गंजलेली साखळीसुद्धा धक्क्यावरून दिसायची. ऑड्राने शिट्टी वाजवून तोंडं मोजली, बावीसच्या बावीस. लॉटीला निळी फीत मिळाली. रात्री मुली झोपल्या की ऑड्रा खाटांमधून एकदा फिरायची, प्रत्येकीचा श्वास ऐकायची आणि मग तिला लहानपणीसारखी गाढ झोप लागायची.

शेवटच्या दिवशी आईवडील आले. सगळीकडे ट्रंका, मिठ्या आणि रडारड. सात उन्हाळे काम केल्यासारखी ऑड्रा दमली होती आणि फार खूश होती. एकेक मुलगी जशी आली तशी घरी परत चालली होती. ऑड्रा मात्र आणखी आठवडाभर राहणार होती, दोर सोडायला आणि बर्फाच्या आधी धक्का काठावर ओढून घ्यायला. ते काम पाण्यात उतरूनच करावं लागायचं.

लॉटीच्या वडिलांनी गाडी सुरू केली. लॉटीने मागची काच खाली केली आणि ऑड्राला वाकायला सांगितलं.

"आज सकाळी ती परत आली होती," ती कानाशी म्हणाली. "धक्क्याखाली. विचारत होती, तुम्ही सगळ्या गेल्यावर माझ्या जोडीला कोण?"

ऑड्राने धक्क्याकडे वळून पाहिलं.

"मी तुझं नाव सांगितलं," लॉटी म्हणाली. "तिला म्हटलं, मोठी आहे, पण हात घट्ट धरते."

गाडी निघाली. लॉटी मागच्या काचेतून वळणापर्यंत हात हलवत राहिली. धक्क्यावरून कुणीतरी ऑड्राला हाक मारत होतं, ऊन आहे तोवर खोल बाजूचा दोर आजच सोडून घेऊ म्हणून.