रेडिओवाल्या काकांची अकरा कार्डं

शिपाई रजेवर गेला म्हणून हे सगळं घडलं. एरवी शब्दकोशाच्या कचेरीत कार्डांचा खोका तिच्या खोलीतून दुभाष्याच्या खोलीत जायचा आणि परत यायचा, तो शिपायाच्या काखेतून. त्यामुळे एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना बसूनही सात महिने त्या दोघांनी एकमेकांचं अक्षर तेवढं पाहिलं होतं. तिचं गोल गोल आणि घाईचं. त्याचं बारीक आणि इतकं नेटकं, की हा माणूस म्हातारा आणि खडूस असणार, असं तिनं परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

आणि त्या सकाळी दारात उभा राहिला तो तिशीतला, उंच, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग पडलेला एक माणूस. हातात खोका, आणि खोक्यावर एकच कार्ड... उलटं ठेवलेलं.

"हे तुम्ही लिहिता ना?" त्यानं विचारलं. "म्हणजे... मागचं?"

मागचं कोणी वाचतं हे तिच्या गावीही नव्हतं. कचेरीचं काम असं चालायचं: एकेक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, त्याचे अर्थ सुटे करायचे, आणि प्रत्येक अर्थाला एक कार्ड. कार्डावर मराठी अर्थ आणि एक उदाहरणाचं वाक्य ती लिहायची. त्याखाली तुर्की प्रतिशब्द दुभाषी लिहायचा. आणि पाठीवर लिहायचं, की हे वाक्य कोण म्हणालं, कुठे आणि कधी. हा मुख्य संपादकबाईंचा नियम होता. वाक्य खरोखर कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं, घरी बसून रचलेलं चालणार नाही. बाई नियमाच्या पक्क्या होत्या. मागच्या वर्षी रचलेली वाक्यं देणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला त्यांनी दुपारच्या चहाआधी कायमचं घरी पाठवलं होतं.

सध्या क्रियापद होतं 'कीप'. अडतीस अर्थ निघाले होते. वरच्या कार्डावर वाक्य होतं, 'लोक रेडिओ दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत, मी ठेवतो.' पाठीवर होतं, 'रेडिओ दुरुस्त करणारे काका, बस थांब्यामागची गल्ली, मंगळवार.'

"दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये," तो म्हणाला. "कसे आहेत हो हे काका?"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्याचे डोळे काळेभोर होते आणि तो अगदी मनापासून विचारत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "फार गोड आहेत."

झालं. इथेच ती फसली. कारण रेडिओवाले काका या भूतलावर कुठेच नव्हते.

तिची बाजूही सांगायला हवी. वर्षभर ती वही घेऊन बाजारात, दवाखान्यात, थांब्यावर उभी राहायची. मग एके दिवशी एका बाईनं चारचौघांत तिला झापलं, की काय गं, आमचं बोलणं चोरून ऐकतेस? सगळे वळून पाहायला लागले. त्या दिवसानंतर तिचा धीरच खचला. माणसं बोलायला लागली की ती वही पिशवीत कोंबायची. 'कीप'ची सत्तावीस वाक्यं जुन्या वह्यांतून निघाली, पण उरलेल्या अकरांचं काय करायचं? एका दुपारी खिडकीशी बसून तिनं एक म्हातारा रचला, त्याला एक दुकान दिलं आणि अकराही वाक्यं त्याच्या तोंडी घातली. कोणाला कळणार होतं?

शिपाई रजेवरून परत आला, पण खोका काही त्याच्या काखेत परत गेला नाही. दुभाषी स्वतःच घेऊन यायचा, दिवसातून दोनदा, आणि कधी कधी त्यात दोनच कार्डं असायची.

"काका आज काय म्हणाले?"

"विचारत होते, तुमच्या कचेरीत कामं होतात की नुसत्या चौकश्या?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं... एक जण खास चौकश्यांसाठीच ठेवलाय."

तो हसला की आधी डोळे हसायचे, मग ओठ. ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढायची. त्या महिन्यात तिच्या किती पेन्सिली संपल्या याची गणती नव्हती.

तो तिला तुर्की सांगायचा. इंग्रजीला एका 'कीप'मध्ये जे भागतं, त्यासाठी तुर्कीला किती धावपळ करावी लागते ते बोटांवर मोजून दाखवायचा. वचन पाळायचं तर तुत्माक. कोंबड्या पाळायच्या तर बाक्माक. कुणाला ताटकळत ठेवायचं तर बेक्लेत्मेक. गुपित राखायचं तर साक्लामाक. तिनं तो शेवटचा शब्द म्हणून पाहिला आणि नजर खिडकीकडे वळवली. घरी गेल्यावर ती रोज ठरवायची, उद्या सांगायचं. सकाळी दार वाजायचं, तो विचारायचा, "काका?" आणि ती आणखी एक थाप मारून मोकळी व्हायची. काकांना चहा गारच लागतो, काकूंना ते रेडिओचे सांगाडे डोळ्यांसमोर नको असतात... तिला लाज वाटायची, आणि त्या लाजेतही त्यानं विचारावंसं वाटायचं. याचीच तिला जास्त लाज वाटायची.

मग एके दिवशी तो नेहमीसारखा खुर्चीवर बसला नाही. तुर्की त्याला आईकडून आली होती, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी त्यानं सांगितलं, की आईचा एक रेडिओ आहे. ती त्यावर आपल्या मुलखातल्या बातम्या ऐकायची. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि त्याच आठवड्यात रेडिओही बंद पडला. पाच दुकानांत दाखवला, सगळ्यांनी भंगारात द्या म्हणून सांगितलं.

"तुमचे काका तसं म्हणणार नाहीत," तो म्हणाला. "मला घेऊन जाल त्यांच्याकडे?"

"ते... बाहेरगावी गेलेत," ती म्हणाली. तिचे कान तापले. तो म्हणाला, काही हरकत नाही, आल्यावर जाऊ.

त्या शनिवारी ती ताईबरोबर चपला घ्यायला बाजारात गेली होती. थांब्यामागच्या गल्लीशी ताई थबकली आणि म्हणाली, तो बघ, लेकरू धरावं तसं काय धरलंय त्या माणसानं. तिनं पाहिलं. टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ छातीशी धरून दुभाषी एका कुलूपवाल्याच्या दुकानाशी उभा होता. काहीतरी विचारत होता. कुलूपवाल्यानं मान हलवली आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. दोघं हसले. दुभाषी पुढच्या दुकानाकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. कपाळावर घाम होता आणि तो पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

ती चपलांच्या ढिगाआड खाली बसली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

"कोण गं तो?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

घरी ताईनं सगळं तिच्या तोंडून काढून घेतलं. ताई रागावली नाही, समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाली, की हे मला सांगून काय उपयोग, जो ओझं घेऊन फिरतोय त्याला सांग.

सोमवारी दार वाजायच्या आधीच ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्याची खोली तिनं पहिल्यांदाच पाहिली. टेबलाच्या कोपऱ्यावर टॉवेल होता, रेडिओ होता. तिनं अकरा कार्डं त्याच्यासमोर ठेवली, पालथी.

"काका नाहीत," ती म्हणाली.

"अजून आले नाहीत?"

"नाहीतच ते. कधीच नव्हते. मी रचलेत."

त्यानं कार्डं एकेक करून सरळ केली. त्याचं तुर्की, तिचं वाक्य. त्याचं तुर्की, तिचं वाक्य.

"मी शनिवारी त्या गल्लीत... म्हटलं, काका आले असतील..."

"पाहिलं मी."

"पाहिलंत?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "आणि हाक नाही मारलीत?"

खोटं बोलल्याचं तिनं मनात कितीदा तरी घोळवलं होतं, पण हाक न मारल्याचं तिला सुचलंच नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ती मान खाली घालून उभी राहिली. तो म्हणाला, तुम्ही जा आता. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

कार्डं गोळा करून तिथून ती थेट बाईंकडे गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला, अकरा कार्डं फाडली आणि सांगितलं, की स्वतःहून कबूल केलंत म्हणून एक संधी देते, हा भाग छापायला जायला पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात अकरा खरी कार्डं आली तर ठीक, नाहीतर सोळाव्या दिवशी येऊ नका.

दुपारी खोका आला. शिपायाच्या काखेतून.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन बाहेर पडली. या वेळी वही पिशवीत नव्हती, हातात होती. भाजीवालीपाशी जाऊन तिनं धीर करून सांगितलं, की मी शब्दकोशात काम करते, तुमचं हे वाक्य लिहून घेऊ का? भाजीवालीनं आधी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पदर नीट केला आणि तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणून दाखवलं. विचारलं की माणसं चिडत नाहीत, उलट खुलतात, हे तिला वर्षभरात कळलं नव्हतं. दवाखान्यातली नर्स, पोहण्याच्या तलावावरचा राखणदार, घरी ताईसुद्धा... बारा दिवसांत दहा कार्डं झाली.

दहावं कार्ड तिनं दोनदा लिहिलं. वाक्य होतं, 'ठेवतो मी, पण रोज विचारायला येऊ नका.' पाठीवर तिनं लिहिलं, 'मोटारी दुरुस्त करणारा, पाण्याच्या टाकीसमोर, गुरुवार. गोड नाही, चिडका आहे. विचारल्यावर म्हणाला, जुने रेडिओही बघतो. माणूस खरा आहे. जाऊन खात्री करावी.'

कार्ड परत आलं. त्यावर नेटक्या अक्षरात तुर्की होतं. बाकी एक अक्षर नाही. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, आणि मग उजेडापाशी नेऊनही पाहिलं.

पंधरावा दिवस उजाडला तरी अकरावं कार्ड कोरंच होतं. अर्थ साधा होता: दिलेली वस्तू परत न देता कायमची आपल्यापाशी ठेवणं. पण येता-जाता, कुणाच्या तरी कानावर पडेल असं, कोण कुणाला कायमचं काही देतं? सकाळपासून ती सगळीकडे फिरून आली होती. चार वाजता टेबलाशी बसून तिनं खण आवरायला घेतला. रचायचं तर पाच मिनिटांचं काम होतं. तिनं पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

दार वाजलं.

खोका नव्हताच. त्याच्या छातीशी रेडिओ होता, टॉवेलाशिवाय. तो टेबलावर ठेवून त्यानं बटण फिरवलं. खूप खरखर झाली आणि त्या खरखरीतून कोणीतरी हवामान सांगू लागलं.

"एकच स्टेशन लागतं," तो म्हणाला. "आणि तो माणूस चिडका नाही, महाचिडका आहे. तीनदा हाकललं मला."

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. ती पुन्हा मान खाली घालणार, तेवढ्यात तो बोलला.

"मला फार राग आला होता. काका नाहीत याचा नाही... म्हणजे त्याचाही. त्या काकांशी मी मनात बोलायचो. आई गेल्यापासून कुणाशी बोललो नव्हतो, ते सगळं त्यांना सांगायचं ठरवलं होतं." त्यानं रेडिओचा आवाज कमी केला. "मग कळलं, त्यांचं बोलणं जिच्या डोक्यातून आलं, तिच्याशीच मला बोलायचंय. आणि ती तर रोज समोर बसलेली असायची... पेन्सिलीला टोक काढत."

"मी हाक मारायला हवी होती," ती म्हणाली. "त्या दिवशी. मला लाज वाटली. अजून वाटते."

"माहीत आहे. दहा कार्डांच्या पाठी वाचल्यात मी." त्यानं रेडिओ हळूच तिच्याकडे सरकवला. "हा तुझ्याकडे ठेव."

इतक्या दिवसांत त्यानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"किती दिवस?"

"परत न्यायचा असता तर सांभाळ म्हणालो असतो," तो म्हणाला. "ठेव म्हटलंय."

आईचा रेडिओ होता तो. तिला नको म्हणावंसं वाटलं, आपली लायकी नाही असं वाटलं, आणि हेही कळलं की नको म्हटलं तर लाजून हाक न मारण्याची तीच चूक पुन्हा होईल. तिनं हात पुढे करून रेडिओ आपल्या बाजूला घेतला. रेडिओची पाठ गरम होती.

मग त्यानं कोरं कार्ड पुढे केलं. तिनं वाक्य लिहिलं. त्यानं तिच्याच पेन्सिलीनं खाली तुर्की लिहिलं, आणि म्हणूनही दाखवलं, अगदी हळू: सेंदे काल्सिन. तुझ्यापाशी राहू दे.

पाच वाजता बाईंनी अकरा कार्डं मोजली. शेवटचं उलटं करून त्यांनी चष्मा पुढे ओढला. 'दुभाषी, माझ्या टेबलापाशी, आज.'

"हे खरोखर म्हणालेत का ते?" बाईंनी विचारलं.

तिचे गाल तापले होते, तरी तिनं मान वर केली आणि हो म्हणाली.