वाळूत भेटलेला पावणा

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायची असती, तर अमावास्येची रात्र घेतली असती. हे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हाच्या प्रदेशात. आणि ज्या दोघांच्या बाबतीत घडलं, त्यातले एक माझे वडील होते.

साल एकोणीसशे सत्याऐंशी. जानेवारी महिना. जागा, जैसलमेरच्या पुढचं वाळवंट.

माझे वडील अंबादास, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कोल्हापुरात बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्यांचे जिवलग मित्र हंबीरराव. हंबीरकाकांचं शिरोलीला लेथचं वर्कशॉप होतं आणि गाड्यांचं भयंकर वेड. जुनी मिलिटरी जीप घेऊन त्यांनी ती नटबोल्टापासून नवी केली होती. वर पत्र्याचं टप, दोन्ही बाजूंना पत्र्याची दारं, काचेच्या खिडक्या.

त्या वर्षी दिल्लीच्या कुठल्याशा क्लबानं वाळवंटात मोटारींची शर्यत ठेवली होती. आठवडाभर चालणारी. रस्ता नाही, खुणा नाहीत. होकायंत्र बघायचं आणि गाडी हाणायची.

"अंबादास, तू नकाशा बघ. मी स्टेअरिंग बघतो," हंबीरकाका म्हणाले.

आईनं खूप विरोध केला. अण्णा गेलेच.

पहिल्याच दिवशी एक गाडी टेकाडावरून उलटली. चालवणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी दोघंजण वाट चुकले, ते अर्धमेले सापडले. आयोजक रोज सकाळी एकच गोष्ट बजावून सांगायचे...

गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. पायी निघालेला माणूस वाळूत सापडत नाही. गाडी सापडते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना क्षितिजावर एक तपकिरी भिंत दिसली.

"हंबीर, ते काय आहे?"

"वादळ हाय. धर घट्ट."

काकांनी जीप दोन टेकाडांच्या मधल्या खोलगट भागात घातली, आडोसा मिळेल म्हणून. तिथंच चूक झाली. चाकं भुसभुशीत वाळूत बसली. पुढं नाही, मागं नाही. आणि बघता बघता ती भिंत त्यांच्या अंगावर आली.

ऊन गेलं.

खिडकीच्या काचेबाहेर फक्त तांबूस अंधार. पत्र्यावर वाळू अशी आपटत होती, की जणू कुणी सुपानं खडे फेकतंय. अण्णांच्या बाजूनं वाळू चढत चढत काचेच्या मध्यापर्यंत आली. ते दार आता उघडणार नव्हतं. हंबीरकाकांच्या बाजूचं अजून मोकळं होतं.

आत उकाडा. पेट्रोलचा उग्र वास. श्वास घेतला की घशात धूळ.



आणि मग...

टक. टक. टक.

पत्र्यावर, काकांच्या दाराशी.

वाळूचा आवाज नव्हता तो. बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखा होता.

"दुसऱ्या गाडीतलं कोण असंल," काका म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"पावणं... दार उघडा की."



त्या शर्यतीत कोल्हापूरची एकच गाडी होती. ही. मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. अख्ख्या तळावर नव्हतं.

"कोण हाय?" काकांनी ओरडून विचारलं.

"लई वारं हाय हो... आत घ्या की."

काकांचा चेहरा खुलला. "आरं, आपल्याकडचं माणूस हाय!" म्हणत त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"हंबीर, उघडू नको."

"मरंल की तो भाईर!"

"इथं आपल्याकडचा माणूस येईल कुठून?"

काकांनी क्षणभर अण्णांकडं बघितलं. मग हात सोडवून घेतला. ते तसेच होते. दारात आलेल्याला त्यांनी आयुष्यात कधी परत पाठवलं नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. वीतभरच.

वाळूचा लोंढा आत घुसला. दोघांच्या मांडीवर, तोंडात, डोळ्यांत.

बाहेर कुणीच नव्हतं.

काकांनी डोकं काढून बघितलं, हाका मारल्या. काही नाही. फक्त वारं. आता दार बंद होईना. दोघांनी मिळून ते ओढलं, पण फटीत वाळू अडकत होती.

आणि मागून आवाज आला.

जीपच्या आतून.

"लावा की दार... वाळू आत येतीया."

दार लागलं. कसं लागलं ते दोघांनाही सांगता आलं नाही.

मागची सीट त्यांनी कोल्हापुरातच काढून टाकली होती. तिथं दोन जादा चाकं, पेट्रोलचे डबे, फळ्या आणि फावडी टपापर्यंत रचलेली होती. माणूस सोडा, मांजर बसायला जागा नव्हती.

दोघांनीही मान वळवली नाही.

मागून श्वास ऐकू येत होता. सावकाश... घरघर करत...

बाहेर वाळू काकांच्या दारावरही चढायला लागली होती. थोड्याच वेळात दोन्ही काचा काळ्या झाल्या. आता बाहेर पडायला वाटच नव्हती.

"पाणी हाय का?"

अण्णांनी पायाशी असलेला डबा घट्ट धरला. तेवढंच पाणी होतं. शोधणारी गाडी आज येईल की उद्या, कुणास ठाऊक. पण काकांनी तो डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुढंच बघत खांद्यावरून मागं केला.

डबा कुणीतरी घेतला.

गट... गट... गट...

आवाज थांबेचना. मग रिकामा डबा काकांच्या मांडीवर येऊन पडला.

"कोल्लापूरचं न्हवं तुमी?"

"व्हय," काका म्हणाले.

"बोलण्यावरनंच वळखलं. लई वर्सांनी ऐकलं."

मग बराच वेळ नुसती घरघर. अण्णा मनातल्या मनात अंबाबाईचं नाव घेत होते. त्यांना वाटलं, गेला असेल.

"मला बी न्या की घरला."

अण्णांनी काकांच्या दंडाला चिमटा काढला. मान हलवून नको नको म्हणाले. आई म्हणते तसं, अशा वेळी 'हो' म्हणायचं नसतं. पण काका घामानं निथळत होते, आणि मागून तोच आवाज, तसाच काकुळतीला आलेला...

"न्या की हो..."

"नेतो," काका म्हणाले. "नेतो की."

घरघर थांबली.

संध्याकाळच्या सुमारास वर फावड्यांचा आवाज आला. शोधायला आलेल्या ट्रकमधल्या लोकांना जीपचं फक्त टप दिसलं होतं. दोघांना ओढून बाहेर काढलं तेव्हा ते धड उभे राहू शकत नव्हते. अण्णांनी मागचं सामान उतरवायला लावलं. चाकं, डबे, फळ्या. सगळं होतं तसं दोरीनं बांधलेलं.

शर्यत तिथंच संपली. जीप ट्रकवर चढवून दोघं कोल्हापूरला परतले. येताना वाटेत ते या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत.

घरी तर नाहीच.

मला वाटतं, ते दोघं ही गोष्ट तशीच पोटात ठेवून मेले असते.

पण महिन्याभरानं शिरोलीला वर्कशॉपवर एक बाई आली. पन्नाशीची. हिरव्या काठाचं लुगडं, पायात चप्पल नाही. अण्णा त्या वेळी तिथंच बसले होते. त्यामुळं पुढचं बोलणं अण्णांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"तुमीच हंबीरराव न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय. का वो?"

"मी धोंडुबाई. पेठ वडगावास्नं आलो. आमचं मालक घरी आल्यात."

काकांना काही समजेना.

"एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानला गेलतं. परत आलं न्हाईत. सरकारनं तार धाडली, पर माती काय मिळाली न्हाई." ती शांतपणे सांगत होती. "आता आल्यात. हंबीररावानं गाडीतनं आणलं म्हणत्यात. संगतीच्या पावण्याचं नाव अंबादास, म्हणत्यात."

लेथ चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

अण्णा आणि काका त्या जीपमध्ये एकमेकांची नावं घेत होते. ती ऐकणारं तिथं एकच होतं.

"मग... बरं झालं की, बाई," काका कसंबसं म्हणाले. "तुमचा माणूस घरी आला."

धोंडुबाई रडायला लागली.

"पयल्यांदा मला बी तसंच वाटलं. सोळा वर्सं वाट बगितली. पर ते ऱ्हायला न्हाईत आल्यात हो." तिनं पदर तोंडाला लावला. "मला न्यायला आल्यात. रोज म्हणत्यात, चल. तितं एकट्याला करमत न्हाई, चल. त्यास्नी परत सोडून या. पडतो तुमच्या पाया."

काकांनी तिला शब्द दिला. उद्या सकाळी जीप घेऊन येतो म्हणाले. खरं तर काय करायचं, कसं करायचं, हे त्यांना किंवा अण्णांना काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वडगावला पोचले. बाजाराच्या मागच्या आळीत कौलारू घर. दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारची झुंबरबाई बाहेर आली.

"काल सांजच्यापास्नं उघडलं न्हाई. बोलणं ऐकू येत हुतं. दोगांचं."

शेजाऱ्यांनी मिळून दार तोडलं.

चुलीवर भाताचं पातेलं होतं. खाली विस्तव अजून धुमसत होता. दोन ताटं वाढून ठेवलेली. मागच्या बाजूला दार नव्हतं. खिडकीला गज होते.

घरात कुणीही नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. धोंडुबाईचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही.

अण्णांनी यानंतर कोल्हापूर सोडून कुठं जाणंच बंद केलं. पण हंबीरकाका खचले. वर्कशॉपवर जायचे आणि बसून राहायचे. पुढच्या वर्षी थंडीत ते कुणाला न सांगता एकटेच रेल्वेनं राजस्थानला गेले.

परत आल्यावर थेट आमच्या घरी आले. मी कॉलेजात होते तेव्हा. मी चहा घेऊन खोलीकडं गेले, आणि त्यांचं बोलणं ऐकून ट्रे हातात धरून तशीच दारात उभी राहिले.

"एक जीपवाला घेतला. त्या दोन टेकाडांच्या मधी जाऊन बसलो," काका अण्णांना सांगत होते. "गाडी बंद केली. वारं न्हवतं. पान बी हलत न्हवतं, आन् पान हाय कुठं तितं..."

"मग?"

"बोलणं ऐकू आलं, अंबादास. नवरा-बायकोचं. घरात भांडत्यात तसं. लांबनं येत हुतं... मग ध्यानात आलं, लांबनं न्हाई. खालनं."

अण्णा पुढं सरकले.

"मी गुडघ्यावर बसलो. हाक मारली, धोंडुबाई! बोलणं थांबलं. एकदम. मग वाळूला कान लावला."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ती म्हणाली... हंबीरदादा, मला भाईर यायचं हाय. दार कुठनं हाय हो?"

अण्णांनी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"उकरलं. हातानं उकरलं. जीपवाल्यानं मला वडून आणलं."

त्यांनी हात पुढं केले. एकाही बोटाला नख नव्हतं.

आता अण्णा नाहीत, काकाही नाहीत. मी अजून कधीतरी दुपारी दचकून जागी होते. मला भीती त्या माणसाची वाटत नाही.

ती बाई तिथं अजून दार शोधत असेल, याची वाटते.