जुबेरच्या कानाची परीक्षा

मिरजेतल्या एका दवाखान्यात भाकीतपेटी आली होती. दिसायला भाकरीच्या डब्याएवढी. नसलेले आवाज ऐकू यायचा आजार नुकता सुरू झालेल्या पोरांना ती टूं टूं ऐकवायची. स्वर चढला का उतरला, एवढंच सांगायचं. पोरगं चुकत चुकत कसं शिकतंय ते बघून पेटी वीस मिनिटांत सांगायची, दहा आठवडे मेंदूची तालीम दिली तर याला गुण येईल का नाही. गुण यायची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर प्रवेश. खाली असेल तर घरी.

"तालीम म्हणजे लंगोट आणायचा का?" सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंनी विचारलं.

"नाही हो चाचा. कॉम्प्युटरवर असते," डॉक्टर उपळेकरबाई म्हणाल्या.

दस्तगीरभाईंचा पोरगा जुबेर पेटीपुढं बसला. एकोणीस वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी तारा लावण्यात बापाच्या पुढं होता, आता दिवसभर कान दाबून बसायचा.

पेटी वाजली.

"चढला का उतरला?"

"बेसूर आहे," जुबेर म्हणाला.

"ते नाही विचारलं."

"अन् मागं कुणीतरी घरघर करतंय."

बाईंनी तेवढं लिहून घेतलं. दस्तगीरभाई पुटपुटले, "आज तरी गप बस की रे. घरघरीला नंतर चहा पाजू."

शेवटी आकडा आला. नऊ टक्के.

"नऊ? आमच्या बोकडालाबी बारा पडतील."

"चाचा, नसलेल्या आवाजात लक्ष अडकलं की शिकणं होत नाही. पुढच्या वर्षी बघू."

"तुम्हीच म्हणालात, ताजं दुखणंच तालमीला ऐकतं. वर्षानं ते ताजं कसं राहील?"

दस्तगीरभाई उठले. सतारीला कान लावून तारेतली खोट शोधण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"कुठं घरघर? दाखव."

जुबेरनं पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं तिथं कान टेकवला अन् खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"चाचा, नाजूक आहे ती."

"माझं पोरगंबी नाजूकच आहे."

कोपऱ्यातला ढिला स्क्रू अर्धा आटा फिरवला.

"थांबली," जुबेर म्हणाला.

बाईंनी परत परीक्षा घेतली. या खेपेला एकसष्ट टक्के आले. दस्तगीरभाईंनी पोराच्या पाठीत असा धपाटा मारला की ते खुर्चीवरून घसरलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. "चाचा, हा स्क्रू कधीपासून ढिला असेल?"

"धूळ बघता सहा महिने तरी."

त्यांनी घरी पाठवलेल्या पोरांचे कागद काढले. एकावर त्यांच्याच अक्षरात 'घरघर ऐकू येते'. दुसऱ्यावर तेच. सातव्यावर पण तेच.

जुबेर वाकून वाचत होता. "त्यांनापण बोलवा की, मॅडम."

बाईंनी फोन उचलला अन् तसाच हातात धरून ठेवला.

"बोलवते रे. पण मी त्यांचं ऐकलं नव्हतं. आता ते माझं ऐकतील का?"