जांभळ्या दिव्याखालची सायकल

नूतनच्या सायकलची फ्रेम तडकली तेव्हा वेग ताशी बेचाळीस होता. सुरतेजवळ, इच्छापोरच्या अलीकडे, भर रस्त्यात. गुडघे सोलले, जीव वाचला. पण रविवारी जिल्हा संघाची निवड होती आणि सायकल गेली होती.

दुकानदार विकासने नळी निरखून पाहिली. "ही आधी कुठेतरी आपटली आहे. तडा जोडून वरून रंग दिलाय. वॉरंटी मिळणार नाही."

"म्हणजे तुम्हीच जोडलेली विकलीत!"

विकासने कानावर हात ठेवले. बिलावर फ्रेमचा नंबर लिहायचा या गृहस्थाला कंटाळा, त्यामुळे खरंखोटं ठरणार कसं?

नूतनने पलसाणा गाठलं. तिचा हेमराजमामा तिथल्या डाईंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवायचा. दोन निळ्यांमधला फरक त्याला झोपेतही कळला असता.

"काय व्हयनं व माय?"

तिने सगळं सांगितलं.

"ही सायकल निवडली कोणी?"

"चेतनने, माझ्याबरोबर सराव करतो तो. मी हलकी, चढाची घेत होते. तो म्हणाला, सुरतेत चढ कुठेय? इथे वारा कापायचा, एरोच घे. पावणेदोन लाखांत कार्बनची हीच बसत होती. दोघांनी एकाच दिवशी घेतल्या. माप एक, रंग एक."

"पूजा केली?"

"आईने हँडलखालच्या नळीवर ओल्या हळदीची पाच बोटं उमटवली. चेतनने स्वतःच्या सायकलला लावू दिली नाही. माझीही पुसून टाकली."

"तुझी सायकल कधी दुसऱ्याकडे होती?"

"अमळनेरला लग्नाला गेले तेव्हा. आठ दिवस चेतनकडे. साखळी साफ करून ठेवतो म्हणाला." ती एकदम थांबली. "मामा, मी त्याला राखी बांधते!"

मामा एवढंच म्हणाला, "उद्या दोघं सायकली घेऊन या. रंग ताडून बघू."

चेतन हसतच आला. दुकानदार अडकणार म्हटल्यावर त्याला कसली भीती! मामाने खोलीचा पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला.

"मामा, आ शुं करो छो?"

तडकलेल्या सायकलवर काहीच दिसलं नाही. दिवा चेतनच्या सायकलकडे वळला. हँडलखालच्या नळीवर पाच बोटं पिवळीहिरवी चमकू लागली.

"हळद पुसली तरी थोडी राहतेच," मामा म्हणाला. "जेवणाचा हात पांढऱ्या कापडाला लागला की आम्ही तो याच दिव्याने पकडतो. ही माझ्या बहिणीची, मालतीची बोटं. म्हणजे ही नूतनची सायकल. ती अमळनेरला असताना तू तुझी आपटलीस, जोडून रंगवून घेतलीस, सीट आणि पेडल बदलून तिच्या गळ्यात मारलीस. दुकानदार बिचारा फुकट बदनाम झाला."

चेतनचा चेहरा पडला. "मलाही निवडीत उतरायचं होतं, मामा. जोडणारा म्हणाला, चालेल."

नूतनला रडू आवरेना. दीड वर्ष ती या माणसाच्या चाकामागे वीतभर अंतरावरून सायकल हाकत होती. ब्रेकवर बोटही न ठेवता, त्याच्या भरवशावर.

"चालेल म्हणाला ना? मग तू का नाही चालवलीस?"

मामाने दिवा बंद केला, पडदा सरकवला. नूतन आपली सायकल घेऊन बाहेर पडली आणि त्याच्यासाठी थांबली नाही.