साखळी निर्दोष

कोल्हापूरच्या वाहन-आरोग्य केंद्रात जुन्या गाड्यांचा पत्रा करणारे चेपयंत्र चार वाजता सुरू होणार होते, आणि शैलजाताई खराडे यांच्या निळ्या सेडानचा पहिला नंबर होता. निकाल दिला होता निदानकाने. निदानक म्हणजे लाखो दुरुस्त्यांच्या नोंदी वाचून शहाणा झालेला संगणक. आपली चूक कबूल करायच्या बाबतीत मात्र तो अगदी माणसावर गेला होता.

"दोषसंकेत सोळा. कॅमशाफ्टची वेळ चुकते," तो म्हणाला. "कारण, झिजलेली साखळी. या मॉडेलची साखळी आता बनत नाही. गाडी मोडीत काढावी."

अपघातात शैलजाताईंचे दोन्ही पाय गेले होते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताने चालवायची दांडी याच गाडीला होती. नव्या गाड्यांना ती बसत नव्हती. गाडी गेली की शाळेत शिकवायला जाणेसुद्धा दुसऱ्याच्या सवडीने.

केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. ऋजुता मगदूम आणि इलाही मिस्त्री उघड्या बॉनेटखाली वाकले होते.

"संकेत खोटा नाही, इलाहीभाई," मगदूम म्हणाल्या. "पण तो सांगतो किती? खालच्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा साखळीने त्याला जोडलेल्या वरच्या कॅमशाफ्टची एक होते आणि इंजिनाच्या झडपा उघडतात. दोघांवर एकेक संवेदक बसलाय. दोघांचा मेळ चुकला की दिवा लागतो. का चुकला, ते दिवा सांगत नाही."

"साखळी सैल पडली तरी चुकतोय," इलाही म्हणाला, "आन् वरचा चकता अडला तरी चुकतोय. त्यो कॅमशाफ्टला मागं-पुढं सरकवतोय बगा, तेलाच्या दाबावर."

मगदूमांनी केंद्रात आलेल्या सगळ्या गाड्यांच्या संकेत सोळाच्या दहा वर्षांच्या नोंदी पडद्यावर मांडल्या. वर्षभर रेघ आडवी, आणि दरवर्षी एकदाच ती टुणकन उडी मारत होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात.

"साखळीला पंचांग कळतं का हो?" त्या पुटपुटल्या.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या शैलजाताईंचा चेहरा उतरला. "मॅडम, खंडेनवमीला मी गाडीची पूजा करते. धुते, हार घालते, आणि बाजारातलं सगळ्यात दाट, भारीतलं तेल इंजिनात घालते. वर्षभर राबते बिचारी. एक दिवस तिचे लाड नकोत?"

"अवो ताई, त्या चकत्याची भोकं सुईएवढी. दाट तेल जातंय व्हय त्यातनं?" इलाही ओरडला, आणि मग कान खाजवत म्हणाला, "मी बी घालतोय म्हणा. आमची समदी गल्ली घालतीया."

दुरुस्तीच्या नोंदींत खंडेनवमीचा रकाना नव्हता. निदानक बिचारा काय वाचणार!

इलाहीने तेल काढले, पातळ तेल भरले, इंजिन सुरू केले. थोड्या वेळाने दोन्ही संवेदकांचा मेळ बसला. दिवा विझला.

"योगायोग," निदानक म्हणाला. "साखळी बदललेल्या शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गाड्यांत सहा महिने दोष परतलेला नाही. आदेश कायम."

चाराला सहा मिनिटे होती. चेपयंत्राचा भोंगा वाजला. एका गाडीचा पुरावा अठ्ठ्याण्णव टक्क्यांपुढे तोकडाच होता. मगदूम संतापल्या, आणि अचानक थबकल्या.

"इलाहीभाई, साखळी कशी बदलता? पहिल्यापासून सांगा. मोठ्यानं."

"कशी म्हंजे? पयलं तेल सोडायचं. न्हाईतर इंजन खोलताना अंगावर येतंय की समदं! मग जुनी साखळी काढायची, नवी घालायची, आन् शेवटाला नवं तेल. पातळ. कंपनीनं सांगितल्यालं..."

इलाहीचा पाना हातातच राहिला. "आयला! म्हंजे इतकी वर्सं गुण तेलाचा, आन् नाव साखळीचं?"

निदानक नऊ सेकंद जुन्या नोंदी पुन्हा चाळत होता. एवढा वेळ त्याने आजवर कशालाच घेतला नव्हता. मग आवारात मोडीत काढायच्या गाड्यांची यादी दाखवणाऱ्या मोठ्या फलकावर एकेक लाल ओळ हिरवी होत गेली.

"तीनशे बारा आदेश रद्द. साखळ्या निर्दोष. तेल बदलून गाड्या परत कराव्यात."

रांगेतल्या गाड्यांच्या मालकांनी असा गलका केला की चेपयंत्र बंद पडल्याचे कुणाच्या ध्यानातही आले नाही. मगदूमांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवले नाही. इलाही गाडी बाहेर काढून द्यायला पुढे झाला, तर शैलजाताई हातांच्या जोरावर केव्हाच चालकाच्या जागी जाऊन बसल्या होत्या.

"सरका, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "माझी गाडी मी नेते."