नदीचं पिंप

लेम्पी भावाच्या शेडवरचं पिंप न्यायला निघाली तेव्हा काही विशेष नव्हतं. ऑक्टोबरअखेरची उतरती दुपार, म्हणजे आमच्या उत्तर फिनलंडात जवळजवळ रात्रच. गाडीमागे ट्रॉली जोडलेली, थर्मासात कॉफी, आणि डोक्यात एकच गोष्ट: पिंप धरणाच्या वर नेऊन ओतायचं आणि घरी येऊन पाय शेकत बसायचं.

मुस्ता नदीवर धरण झालं तेव्हापासून काठच्या लोकांनी हे काम अंगावर घेतलंय. शरदात समुद्रातून लॅम्प्रे मासे अंडी घालायला वर येतात आणि भिंतीशी अडतात. मग नदीमंडळातल्या प्रत्येक घराने आपल्या सापळ्यातला नदीचा वाटा जिवंत ठेवायचा आणि गाडीने वरच्या पाण्यात नेऊन सोडायचा. नाही सोडला तर काही वर्षांत नदी वांझ. आधी नदीचं पिंप, मग आपली शेगडी. आणि कमी पडलं तर घरातून भरायचं. एवढे दोनच नियम, आणि तेही कुणी कधी मोडले नव्हते.

आता हा लॅम्प्रे मासा म्हणायचा म्हणून मासा. दीड वितीचा, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यासारखा. खवले नाहीत, जबडा नाही, तोंडाच्या जागी पिवळ्या दातांचं गोल भोक. हाताला चिकटला की ओढून काढावा लागतो, आणि मागे शेंबडासारखा बुळबुळीत थर राहतो. लेम्पी या काठावरच जन्मली, तरी तिला दर वर्षी नव्याने शिसारी यायची. पण शिसारी आली म्हणून काम टाकायचं नसतं.

शेडच्या दारातच तिने बाहीने नाक दाबलं. वाल्तो, तिचा भाऊ, शेगडीपुढे फतकल मारून बसला होता, एक खांदा नेहमीसारखा वर. मित्र खाऊन-पिऊन गेले होते. त्यांनी तोडून टाकलेली मुंडकी जमिनीवर पसरली होती. लेम्पीचा बूट त्यातल्या एकावर पडला आणि सर्रकन घसरला.

"ये ये, गरम आहेत!" वाल्तोच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं. त्याने ते मनगटाने पुसलं आणि मनगट चाटलं.

लेम्पीने पिंपाचं झाकण उचललं. तळाशी जेमतेम एक थर वळवळत होता.

"वाल्तो, हे नदीचंच ना रे?"

"मग कुणाचं?"

"बाकीचे कुठे गेले?"

त्याने पोटावर थाप मारली. "माझे परवाच संपले. पाहुण्यांपुढे काय उकडलेले बटाटे ठेवू?"

"लाज नाही वाटत? नदीच्या तोंडचा घास खाल्लास!"

"नदी काय मोजायला बसलीय? वरून पाणी भर, अंधारात ओत, मोकळी हो. आणि तोंड कसलं वाकडं करतेस? नदीत शिरले की हे खाणंच सोडतात. पोट साफ. मी तर मुंडक्यासकट खातो." त्याने एक उचलला आणि खरंच मुंडक्यासकट चावला. कुरकुर आवाज झाला.

"खादाड मेला!" लेम्पी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? भरायला घरात काही उरलं नव्हतं. उद्यापासून वरचं पाणी गोठणार. आजचीच फेरी शेवटची. तिने पिंपात पाणी ओतलं, झाकण ठोकून बसवलं आणि निघाली.

जंगलातल्या रस्त्यावर पिंपातलं पाणी डुचमळत होतं. अर्धवट भरलेलं भांडं बोलतंच. मग वळण गेलं, आणि आवाज थांबला. चढावर गाडी धापा टाकू लागली. काचा बंद होत्या, तरी आत वास शिरला. माशांचा नव्हे. जळक्या चरबीचा, दारूचा, न धुतलेल्या लोकरी स्वेटरचा. लेम्पीने काच खाली केली. तिने थांबून बाहेर डोकं काढलं, आणि मागे वळून न बघता पुन्हा गाडी चालू केली.

धरणावर हिल्याबाई टॉर्च घेऊन उभ्या होत्या. मंडळातलं सगळ्यात म्हातारं माणूस; प्रत्येक पिंप त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं जायचं.

"आधीच सांगते हिल्याबाई, कमी आहेत..."

हिल्याबाईंनी पिंपाला हात लावला. "कमी? गच्च तर लागतंय गं..."

लेम्पीने झाकण काढलं.

लॅम्प्रे तळाशी नव्हते. पाण्याच्या मधोमध ते कशाला तरी चिकटून लटकले होते, आणि जिथे चिकटले होते तिथे काहीच नव्हतं, नुसतं काळं पाणी. पण सगळी तोंडं मिळून एक आकार झाला होता. पाठ. वाकलेली मान. पोटाशी घेतलेले गुडघे. एक खांदा वर. ओठ असायला हवे होते तिथे एकच जाडा लॅम्प्रे आतल्या बाजूला तोंड खुपसून बसला होता आणि संथपणे... चोखत होता.

"हा..." लेम्पीने पिंपाची कड घट्ट धरली. "हा माझा भाऊ आहे..."

"मी कुठे नाही म्हणते..." हिल्याबाई हळूच म्हणाल्या. "भरलं म्हणायचं. ओत."

"तो घरी बसलाय... जेवतोय..."

"ओत पोरी. घरातून भरलंय. पुरेपूर आहे."

पाण्यातली मान जराशी वळली, वरच्या प्रवाहाकडे. लेम्पीने झाकण आपटलं, त्यावर सगळं अंग टाकून ते बसवलं, आणि गाडी उलटी फिरवली. नदी मेली तर मरो! सख्खा भाऊ कसा ओतायचा?

"नेशील..." मागून हिल्याबाईंचा आवाज आला. "पण ठेवशील कुठे?"

वाल्तो शेगडीपुढे घोरत होता. धडधाकट. लेम्पीने त्याला हलवून उठवलं, मिठी मारली, त्याच्या तेलकट स्वेटरात तोंड घालून रडली. तो हसत सुटला. पिंप उघडलं तर तळाशी तेवढाच एक थर वळवळत होता, बाकी काही नाही.

पण दुसऱ्या दिवशी वाल्तोने नाश्त्याला हात लावला नाही. भूक नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. ख्रिसमसचा हॅम समोर ठेवला, तर त्याने नुसता वास घेतला आणि गोड हसला. वाळला, पण मजेत होता. कातडी मात्र तुकतुकीत, ओलसर दिसू लागली, आणि लेम्पीला त्याच्या हातचा कप घ्यायची किळस वाटायला लागली. सख्ख्या भावाची किळस! ती चोरून रडायची.

पिंपातल्यांना ती जपत होती. सकाळ-संध्याकाळ थंड पाणी बदलायचं, शेड गोठू द्यायची नाही. जानेवारीत एक मेला आणि पांढरा फुगून वर आला. त्या दिवशी वाल्तोच्या डाव्या पायाची सगळी नखं गळून पडली. त्याने ती लेम्पीला ओंजळीत घालून दाखवली, जणू गंमतच.

बर्फ तडकायला लागलं तेव्हा हिल्याबाईंचा फोन आला. "वर सोडलेस तर अंडी घालतील... आणि मरतील. ते तसेच असतात. इथे ठेवलेस तरी मरतील, अंडी न घालता. बघ बाई."

लेम्पी फोन ठेवून शेडकडे धावली. पिंपाचं झाकण बाजूला पडलं होतं. वाल्तो अनवाणी, कमरेतून वाकून, डोकं आत घालून उभा होता. तिने त्याला खांद्याला धरून ओढलं. सुटला नाही. पुन्हा ओढलं, तेव्हा पच् असा आवाज झाला आणि तो मागे आला. तोंड ओलं, ओठ गोल.

पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या जरा वर, एक ताजं वर्तुळ उमटलं होतं. कडेला दातांच्या बारीक खुणा, एकात एक, तीन रांगा.

"लेम्पी," तो लाडात म्हणाला, "आता ओत ना."