मागं बघणारी नीलिमा

मार्च संपत आला होता. दिव्यानी सिंदेवाहीला नूरुद्दीनच्या फोटो स्टुडिओतून मुखवटे आणायला गेली होती. काम म्हणाल तर एवढंच, घ्यायचे आणि गावाकडच्या ऑटोत बसायचं.

मुखवट्यांचं असं होतं. वाघ मागून येतो, म्हणून वनखात्यानं आधी मोहफुलं वेचणाऱ्या बायांना डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला प्लास्टिकचे चेहरे वाटले होते. वाघाला वाटावं, बाई आपल्याकडंच बघतेय. पण सगळे एकाच साच्यातले आणि सगळ्यांना झुपकेदार मिशा! बाया हसून हसून लोळल्या आणि मुखवटे पोरांच्या खेळण्यात गेले.

दिव्यानी मात्र हसली नव्हती. आदल्या मोसमात ती आणि तिची धाकटी बहीण नीलिमा मोह वेचून परतत होत्या. दिव्यानी पुढं, नीलिमा मागं. नीलिमाच्या तोंडाचा पट्टा नेहमीसारखा चालू होता. तो मध्येच थांबला म्हणून दिव्यानीनं वळून पाहिलं, तर वाट रिकामी. टोपली तेवढी पडलेली, फुलं सांडलेली. आवाज म्हणून काही नाही.

त्या दिवसापासून दिव्यानीची वाचा बसली. दवाखाने झाले, अंगारे झाले. ती नूरुद्दीनकडं कॉम्प्युटरवर बसायची, लोकांचे पासपोर्ट फोटो कापायची, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी त्या भल्या माणसानं एक जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला.

"बोलता नाई येत ना बेटा? मंग दाखव."

ती दाखवू लागली. केस अडकलेली नीलिमाची फणी. दारातल्या चपला. कपडे वाळत घालायची रिकामी दोरी. सुरुवातीचे फोटो हललेले, अंधारलेले. मग हात बसला. दोरीचा फोटो पाहून आई, मनकर्णाबाई, वर्षात पहिल्यांदा ढसाढसा रडली आणि दिव्यानीच्या तोंडून आपसूक निघालं, "माय, रडू नको वो." दोघीही चपापल्या. औषधानं झालं नाही ते त्या फोटोनं केलं, यात काही खोटं नाही.

तेव्हापासून पोरगी बदलली. नव्या मुखवट्यांची युक्ती तिचीच. गावातल्या बायांना ती एकेक करून उन्हात उभी करायची, "माह्याकडं रागानं पाहा" म्हणायची आणि त्यांचे खरे चेहरे फ्लेक्सवर छापून घ्यायची. बाया आपलाच चेहरा हातात धरून बघत राहायच्या. दिव्यानीला कधी नव्हे ती ताठ मानेनं चालावंसं वाटू लागलं.

एकट्या मनकर्णाबाईनं हट्ट धरला. "मले माहा चेहरा नको. माही निलू दे पाठीशी."

दिव्यानीनं जुन्या फोटोवरून करून दिली. तिथंच चुकलं. मुखवटे वाटताना शेजारचे बापूराव ओट्यावर बसले होते. नीलिमाचा चेहरा पाहून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"पोरी, वाघानं नेलेल्या माणसाचं आपण जंगलात नाव नाई घेत. अन् तू तिचं तोंडच घेऊन चालली?"

"फोटोच तर हाये, भाऊ."

"तुह्यासाठी फोटो. तिच्यासाठी परत यायची वाट हाये ते."

दिव्यानीला राग आला. वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाला गप्प करायला सगळेच कसे पुढं येतात!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाया जंगलात शिरल्या आणि आपापल्या झाडाखाली पांगल्या. मोहाचा गोड, जड वास नाकात बसत होता. दिव्यानी कॅमेरा घेऊन आईच्या मागं होती. पुढं आईचं निळं पातळ, आणि डोक्यामागं नीलिमा. आई लांब जात होती आणि नीलिमा मात्र दिव्यानीकडं बघत होती. दिव्यानीला भरून आलं. तिनं फोटो काढला. पुन्हा काढला. बाजूच्या झुडपांना वळसा घालून ती पुढं गेली, तर निळं पातळ पायवाटेवर बरंच पुढं दिसलं. ती फोटो काढत मागं मागं निघाली.

बरंच आत आल्यावर तिच्या लक्षात आलं की पाखरं बोलत नाहीयेत. वाटेवर वाळलेल्या पानांचा खच होता आणि पाय पडला की कुरकुर वाजत होता. पण तिचेच पाय वाजत होते. पुढचे नाहीत.

"माय... थांब ना."

निळं पातळ थांबलं नाही. चेहरा तसाच, तिच्याकडं. मोहाच्या वासात आता दुसरा वास मिसळला होता, कच्च्या मांसासारखा.

"माय..."

"दिव्यानी!" आवाज पाठीमागून आला. "कोनाले थांब म्हनून राह्यली तू?"

ती गर्रकन वळली. मनकर्णाबाई धापा टाकत मागून येत होती. टोपली काखेत, आणि टोपलीत मुखवटा. त्याचं इलॅस्टिक तुटलं होतं.

"मी केव्हाची झाडाखाली बसून राह्यली. तू एकटीच काऊन आत चालली?"

दिव्यानीनं पुढं पाहिलं. वाट रिकामी होती. ती काही सांगणार, इतक्यात पलीकडं वानर खेकसलं, वाघ दिसला की खेकसतं तसं. एकदा. मग पुन्हा, जवळून. मनकर्णाबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. पळायचं नाही, हे या भागात लेकरालाही कळतं.

"तू पुढं हो," आई कुजबुजली. "मी मागं..."

"नाई." दिव्यानीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका ठाम. "मागच्या खेपेस मी पुढं होती. या खेपेस मी मागं राहीन. तू चाल."

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग इलॅस्टिकला गाठ मारली आणि नीलिमाचा चेहरा लेकीच्या डोक्यामागं बांधला. दोघी निघाल्या. दिव्यानीनं एकदाही मागं पाहिलं नाही. पाठीवर उबदार श्वास लागल्यासारखं वाटत होतं. ती फक्त आईच्या टाचांकडं बघत चालत होती, मोठ्यानं बोलत होती, तोंडाला येईल ते. गावाची विहीर दिसली तेव्हा मायलेकी मटकन खाली बसल्या. मुखवटा त्यांनी तिथंच जाळला.

दुपारी ती नूरुद्दीनकडं गेली. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सुरुवातीला मोहाचं झाड, आईची पाठ. पुढचे सगळे फोटो नुसत्या पायवाटेचे. माणूस कुठंच नाही.

"रस्ताच रस्ता काढला बेटा तू," तो म्हणाला. त्यानं आणखी एकदा बटण दाबलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

शेवटचा फोटो परतीचा होता. मनकर्णाबाई पुढं, तिच्या मागं दिव्यानी, दोघी पाठमोऱ्या. गवतातून काढलेला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून. कडेला गवताची पाती इतकी जवळ की धुरकट झालेली.

"हा कोनी काढला?" नूरुद्दीननं विचारलं. "कॅमेरा कोनाजवळ होता?"

कॅमेरा सगळी वाट दिव्यानीच्याच गळ्यात होता.

नूरुद्दीननं मुखवट्याचा भाग मोठा केला. मग अगदी हळू म्हणाला, "मी छापला तवा... हिचं तोंड बंद होतं ना?"

पडद्यावर नीलिमाचे डोळे खाली वळलेले होते, थेट फोटो काढणाऱ्याकडं. आणि तोंड उघडं होतं. ती गवतातल्या त्याच्याशी बोलत होती.